थप्पीला लावलेली पाठ

घरी तांदळाच्या दोन गोण्या एकावर एक ठेवायच्या असल्या, तरी मी त्यांची शिवलेली तोंडं भिंतीकडे करते. नवरा म्हणतो, दोनच तर गोण्या आहेत, कुठं पळून जाणार आहेत? गोण्या पळतात हे ज्यानं पाहिलेलं नाही त्याला समजावत बसण्यात अर्थ नसतो. मला ते काशीकाकांनी शिकवलं. शिकवलं म्हणण्यापेक्षा डोक्यात ठोकून बसवलं.

काशिनाथ हे त्यांचं पूर्ण नाव. आडनाव हजेरीपुस्तकाबाहेर कुणी वापरत नसे. आटगावच्या आमच्या गोडाऊनमध्ये माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या टोळीचे ते मुकादम होते. मी तिथे स्टोअर क्लार्क म्हणून लागले ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. माहेर धसईचं, सासर शहापूरचं, बी.कॉम. सेकंड क्लासमध्ये आणि तोरा फर्स्ट क्लासचा. गोडाऊनमध्ये बाई म्हणून मी एकटीच. हमाल काय, टेबलाशी येतील, चलनावर अंगठा उठवतील आणि जातील, अशी माझी समजूत होती.

पहिल्याच आठवड्यात ती खोटी ठरली. प्लास्टिकच्या दाण्याचा ट्रक आला होता. या दाण्याच्या गोण्या पंचवीस किलोच्या, वरून गुळगुळीत, आणि आतला दाणा साबुदाण्यासारखा घरंगळता. टोळीनं ट्रक रिकामा केला, छातीएवढी थप्पी लावून झाली, ड्रायव्हर निघायची घाई करत होता, आणि हा बारीक चणीचा, पन्नाशीकडे झुकलेला माणूस थप्पीभोवती फिरून एकेका थराला तळहातानं थापट्या मारत होता. चौथ्या थराशी तो थांबला. मग टोळीला म्हणाला, ‘‘काढा. खालच्या थरात एक तोंड बाहेर हाय.’’

दोनशे गोण्या होत्या. कुणीही कुरकुर केली नाही. मी मात्र केली. माझी शहापूरची जीप चुकणार होती. एका गोणीसाठी एवढा खटाटोप कशाला, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि रागावण्याऐवजी विचारलं, ‘‘तू कुठली गो बाय?’’ मी धसई सांगितलं. ‘‘मंग उडवी कशी रचतात ठाव असंल.’’

मला ठाऊक होतं. आमच्याकडे भात कापलं की भारे खळ्यावर गोल रचून ठेवतात, तीच उडवी. लोंब्या आत, बुडखे बाहेर. म्हणजे दाणा सांडत नाही, पाखरं येत नाहीत, आणि वाऱ्यात उडवी उभी राहते. काकांनी किन्हवलीकडच्या आपल्या खळ्यावरची हीच रीत आटगावच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणली होती. शिवलेलं तोंड ही गोणीची सगळ्यात कच्ची जागा. ते आत असलं तर शिवण उसवली तरी शेजारची गोणी तिला दाबून धरते. बाहेर असलं तर दाणा गळतो, गोणी चपटी होते आणि तिच्यावरचा सगळा डोलारा त्या बाजूला झुकतो. त्यांनी हे सगळं एवढ्या शब्दांत सांगितलं नाही. मी ते पुढच्या वर्षांत वेचून वेचून जमवलं. त्या दिवशी जीप गेलीच.

काकांची शिस्त अशी होती की ती बघायला मजा यायची आणि पाळायला जीव जायचा. लोखंडी आकडा त्यांच्या टोळीत चालत नसे. भिवंडीकडून नवा माणूस कमरेला आकडा लावून आला, की ते तो मागून घेत, खिळ्याला अडकवत आणि संध्याकाळी परत देत. आकड्यानं गोणीला भोक पडतं आणि माणसाचा हात आळशी होतो, असं त्यांचं म्हणणं. चहा ते नेहमी बाहेर उभ्यानं पीत, बशीतून, तोंड गोडाऊनच्या दाराकडे करून. गावाहून पहिल्या एसटीनं शहापूर आणि तिथून पुढं जीपनं यायचे, तरी सगळ्यांच्या आधी हजर. आले की आधी सगळ्या थप्प्यांना थापट्या. मी एकदा थट्टेनं विचारलं, काका, गुरांची पाठ थोपटताय का? ते म्हणाले, ‘‘गुरं हंबरतात तरी. ही मुकी हाय, हिला इचारावं लागतं.’’ ट्रकवाल्यांनी कितीही हॉर्न मारला तरी त्यांची चाल बदलत नसे. ‘घाई ट्रकला हाय, आपल्याला नाय’ हे वाक्य तर आम्ही ऑफिसातसुद्धा वापरायला लागलो होतो. फाइल उशिरा मिळाली की हमखास.

एवढ्या शांत माणसाला एका गोष्टीवर मात्र भयंकर राग येई. उन्हाळ्यात पत्र्याची शेड तापते, आणि दोन थप्प्यांमधल्या अरुंद गल्लीत त्यातल्या त्यात गारवा असतो. सगळ्याच गोडाऊनांमध्ये माणसं जेवून तिथं पाठ टेकतात. काकांच्या गोडाऊनमध्ये ती मुभा नव्हती. एकदा टोळीतला भास्कर तिथं टॉवेल पसरून झोपला, तर काकांनी त्याला टॉवेलसकट ओढत उजेडात आणलं होतं. भास्कर त्यांच्या निम्म्या वयाचा, अंगानं दुप्पट.

का, ते मला भास्करनंच सांगितलं. काका पूर्वी दुसऱ्या एका गोडाऊनमध्ये होते, तिथं त्यांच्या बायकोचा भाऊ रामा त्यांच्यासोबत कामाला होता. दुपारचा गल्लीत झोपला आणि थप्पी त्याच्या अंगावर आली. काका तेव्हा दहा पावलांवर तंबाखू मळत होते. ते पळाले, पण थप्पी पडायला तेवढाही वेळ लागत नाही. रामा गेला. पुढे ते सासुरवाडीला जायचे तर अंगणातच बसायचे, घरात शिरायचे नाहीत. भास्करला ते एकदाच बोलले होते, की माझ्या हातचं कुणी परत थप्पीखाली जाणार नाय. तेव्हापासून भास्कर बाहेर आंब्याखाली जेवायला लागला, आणि मीही काकांची थट्टा जरा हात राखून करू लागले.

दोन हजार सालाच्या आसपास आमच्याकडे नवे मॅनेजर आले. नाव कशाला सांगू. माणूस वाईट नव्हता. कल्याणचा, तरुण, हुशार, वरून येणाऱ्या प्रत्येक फोनला घाबरणारा. मुंबईहून तपासणी येणार होती आणि तपासनिसांना प्रत्येक गोणीचा लॉट नंबर वाचायचा होता. लॉट नंबरचं लेबल शिवलेलं असतं तोंडाच्या शिवणीतच. म्हणजे काकांच्या रीतीनं सगळी लेबलं थप्पीच्या पोटात. साहेबांनी हुकूम काढला: नवा माल लावताना तोंडं बाहेर. शिवाय जागा कमी पडते म्हणून थप्पी आणखी चार थर उंच. हुकूम टाइप मी केला, आणि खरं सांगायचं तर मला तो पटला होता. लेबलं शोधत बसण्याचं काम माझंच होतं ना.

काकांनी हुकूम ऐकून घेतला. मग ते म्हणाले की प्रत्येक लॉटची थप्पी वेगळी लावू, आणि प्रत्येकीच्या पुढं त्याच लॉटची एक गोण जमिनीवर ठेवू, तोंड बाहेर करून. ती वाचली की अख्खी थप्पी वाचली. साहेब म्हणाले, वेगळ्या थप्प्यांना जागा कुठून आणू? तुम्ही लावणार आहात की नाही एवढं सांगा.

‘‘नाय लावणार,’’ काका म्हणाले.

साहेबांनी त्यांना टोळीवरून काढलं. नोकरीवरून नाही काढलं, ते जरा बरं दिसलं नसतं. झाडू दिला आणि मागची पडवी साफ करायला सांगितलं. भास्कर मुकादम झाला. त्यानं दोन दिवसांत तोंडं बाहेर केलेली उंच थप्पी उभी केली. दिसायला देखणी होती. लेबलांची पांढरी रांग दारापासून दिसायची, आणि मी मनात म्हटलं, बघा, उगीच आडमुठेपणा करत होता म्हातारा.

दुसऱ्या दिवशी त्या उंच थप्पीशेजारच्या गल्लीच्या तोंडाशी काथ्याची दोरी बांधलेली दिसली, या खांबापासून त्या खांबापर्यंत. साहेबांनी सोडायला लावली. जेवणाच्या सुट्टीनंतर ती परत बांधलेली. साहेब चिडले, काकांना बोलावून घेतलं, खूप बोलले. काका खाली बघून ऐकत राहिले आणि बाहेर जाऊन तिसऱ्यांदा दोरी बांधली. असं आठवडाभर चाललं. सकाळी ते मागची पडवी साफ करत. सुट्टी झाली की डबा घेऊन दोरीपाशी येऊन बसत, म्हणजे कुणी आत जाऊ नये. टोळीतले आधी हसले. मग काहीजण मुद्दाम दोरी ओलांडून जाऊ लागले. काका प्रत्येकाच्या मागे जायचे आणि तो बाहेर पडेपर्यंत बाहेर पडायचे नाहीत.

थप्पी काही पडली नाही. आठवडा झाला, नववा दिवस उजाडला, पडली नाही. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, काय काशिनाथ, कुठं पडली तुमची थप्पी? काका म्हणाले, ‘‘नाय पडली, बरं झालं साहेब. ती पडावी म्हणून मी बसत नाय.’’ साहेब ऑफिसात निघून गेले.

त्याच दुपारी मला तपासणीची यादी करायची होती. लॉट नंबर वाचायला गल्लीत जाणं भाग होतं. दोरी होती, काका पाणी प्यायला गेले असावेत, आसपास दिसले नाहीत. मी दोरी सोडली, चक्क सोडली, कारण साडीत ओलांडता येत नव्हती, आणि आत जाऊन खालपासून लेबलं वाचून वहीत उतरवायला लागले. गल्ली एवढी अरुंद की दोन्ही कोपर थप्प्यांना लागायचे.

पाच-सात नंबर झाले असतील, मागं पावलं वाजली. काका होते. मला वाटलं, आता मलाही भास्करसारखं ओढतात की काय. मी म्हटलं, ‘‘काका, मला यादी आजच द्यायची आहे.’’

ते म्हणाले, ‘‘वाच तू. मी हाय.’’

आणि त्यांनी त्या उंच थप्पीला पाठ लावली. दोन्ही पाय समोरच्या थप्पीच्या बुडाशी रोवले, हात मागं नेऊन तळवे गोण्यांवर टेकले, आणि मान तिरकी करून डोळे मिटले, ऐकत असल्यासारखे. मी नंबर वाचत पुढं सरकले की तेही पाठ न सोडता तेवढंच सरकायचे. अर्धा तास लागला असेल. मी मन लावून, अक्षर चांगलं काढत यादी पूर्ण केली. शेवटचा नंबर लिहून बाहेर उजेडात आले, तेव्हा ते माझ्यामागून आले. त्यांचा सदरा पाठीला घामानं चिकटला होता. त्यांनी आधी दोरी बांधली, मग तंबाखूची डबी काढली.

मी विचारलं, ‘‘काका, आली असती तर तुमच्या पाठीनं ती थांबली असती का?’’

‘‘नाय गो,’’ ते म्हणाले. ‘‘पण पाठीला आधी कळतं. तुला हाक मारायला टाइम मिळाला असता.’’

मी टेबलाशी जाऊन बसले. पाणी प्यायले. अर्धा तास त्या माणसानं आपला जीव माझ्या आणि गोण्यांच्या मधे धरला होता, आणि मी अक्षर चांगलं काढत होते. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

मग मी उठून साहेबांकडे गेले. म्हटलं, यादी तयार आहे, पण या गल्लीत मी परत पाऊल टाकणार नाही. तपासनिसांना घेऊन आत तुम्ही जा. साहेब म्हणाले, तुम्हीसुद्धा? मी म्हटलं, साहेब, लेबलं बाहेर केली ती वाचण्यासाठी. वाचायला आत कुणी जाणारच नसेल तर ती बाहेर असली काय आणि आत असली काय. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, वेगळ्या थप्प्या लावायला जागा कुठं आहे, ते तरी सांगा. तेव्हा दारात उभा असलेला भास्कर म्हणाला, ‘‘मागच्या पडवीत जागा हाय ना साहेब.’’

आम्ही मागं जाऊन पाहिलं. आमच्या पडवीत कित्येक वर्षांचे मोडके लाकडी पॅलेट, फाटक्या ताडपत्र्या आणि एका बंद पडलेल्या मशीनचे खोके होते. तिथं मांजरसुद्धा शिरत नसे. आता तिथं झाडून शेणानं सारवल्यासारखी स्वच्छ जमीन होती. पॅलेट फोडून फळ्यांची चळत लावलेली, खोके एका कोपऱ्यात, आणि जमिनीवर चुन्याच्या रेघा मारून चौकोन आखलेले, एकेका लॉटच्या थप्पीचे. साहेबांनी शिक्षा म्हणून झाडू दिला होता. काकांनी नऊ दिवस जागा झाडली होती.

येत्या रविवारी थप्पी उतरवायचं ठरलं. सुट्टीचा दिवस, तरी टोळी सगळी आली. मीही गेले, मोजायला म्हणून. खरं तर घरी राहवलं नसतं. काकांनी कुणालाही बाजूनं हात लावू दिला नाही. समोरून, वरून, एकेक थर. वरचे नऊ थर उतरले तेव्हा ते थांबले आणि टोळीला मागं व्हायला सांगितलं. गल्लीच्या बाजूच्या दोन गोण्यांच्या शिवणी उसवल्या होत्या. दाणा खालच्या फटींमध्ये मुरला होता, म्हणून जमिनीवर दिसला नव्हता. गोण्या पाऊण रिकाम्या होऊन पोळीसारख्या बसल्या होत्या आणि वरचे सगळे थर इतके दिवस त्यांच्यावर कलून उभे होते. जिथं मी वही घेऊन उभी होते, बरोबर त्याच बाजूला.

भास्कर ते पाहून मटकन खाली बसला. थप्पी त्यानं लावली होती. काकांनी साहेबांना बोलावून दाखवलं नाही. त्या दोन गोण्या स्वतः उचलून बाजूला नेल्या, दाभण-सुतळी घेऊन बसले, तोंडं शिवली आणि भास्करला म्हणाले, ‘‘ऊठ. ऊन चढायच्या आत लावून घेऊ.’’ संध्याकाळपर्यंत मागच्या पडवीत चुन्याच्या चौकोनांवर थप्प्या उभ्या राहिल्या, तोंडं आत, आणि प्रत्येकीच्या पुढं एकेक गोण, लेबल दाखवत. तपासनीस आले, त्या वाचून गेले आणि पद्धत चांगली आहे असं साहेबांना म्हणाले. साहेबांनी ती स्वतःची म्हणून सांगितली नाही, हे त्यांच्या बाजूनं लिहिलं पाहिजे. काकांना मुकादमी परत मिळाली. दोरी मात्र त्यांनी सोडली नाही, ती त्या दोन खांबांमध्ये राहिलीच.

पुढे चार-पाच वर्षांनी फोर्कलिफ्ट आली, लोखंडी रॅक आले. काकांच्या गुडघ्यांनीही तोवर नकार दिला होता. ते काम सोडून गेले त्या दिवशी निरोपाचा नारळ घेतला आणि सवयीनं सगळ्या रॅकना थापट्या मारत दारापर्यंत गेले. लोखंड काय सांगणार, मी म्हटलं. त्यांनी शेवटच्या रॅकलाही एक थापटी मारली.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले. मे महिन्याचे शेवटचे दिवस होते, मी माहेरी धसईला गेले होते आणि परतताना मुरबाडच्या गाडीची वाट बघत होते. स्टॉपजवळ खताचं दुकान आहे. पेरणीच्या आधीचा माल आला होता, आणि ओट्यावर गोण्यांची थप्पी लावली होती, पुरुषभर उंच, सगळी तोंडं रस्त्याकडे. तिची सावली पडत होती आणि त्या सावलीत एक बाई मांडीवर तान्हं घेऊन झोपवत होती. तिच्या शेजारी काका उभे. काठी बगलेत, पाठ थप्पीला, तळवे मागं टेकलेले, मान तिरकी.

मी धावतच गेले. ओळख पटायला त्यांना क्षण लागला, मग चेहरा फुलला. धसईला लेक दिली आहे, तिच्याकडे आले होते. दुकानदाराला दोनदा सांगून झालं होतं, तो ‘उद्या करतो’ म्हणाला होता. बाईलाही सांगितलं होतं. ती म्हणाली, बाबा, पोरगं आत्ताच झोपलंय, उन्हात कुठं नेऊ. कधीपासून उभे आहात, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, ‘‘दोन गाड्या गेल्या.’’

तेवढ्यात मुरबाडची गाडी आली. बाईला दुसऱ्याच कुठल्या गाडीनं जायचं होतं. मी म्हटलं, काका, चला, सोबत जाऊ. तुमचे गुडघे बघा.

‘‘तू हो पुढं,’’ ते म्हणाले. ‘‘ही बाय उठली का येतो.’’

गाडीत मला खिडकी मिळाली. मी मागं वळून पाहत राहिले. तान्हं गाढ झोपलं होतं, त्याची आई पदरानं वारा घालत होती, आणि काकांनी काठी बाजूला टाकून दोन्ही पाय नीट रोवून घेतले होते.